राखून ठेवलेली गोळी

हरिओमने पुठ्ठ्यावर षटकोनी घरं आखून लढाईचा एक खेळ बनवला होता, आणि त्यासाठी त्याला गडी मिळाला तो शेजारच्या मळ्यातला सूरज. सूरज म्हणजे अगदीच मऊ माणूस. हरिओमची सोंगटी आडोशातून उघड्यावर आली की सूरजने तिथल्या तिथे गोळी झाडायची; पण हा बाबा आधी फासा टाकून ओळख पटवणार. आपलाच माणूस निघाला तर?

"खऱ्या लढाईत असं बघत बसतंय का कुणी?" हरिओम खेकसायचा. "तुझ्यापायी डाव रेंगाळून राह्यला." शेवटी वैतागून त्याने ओळख पटवण्याचा नियमच खोडून टाकला.

वर एक डावपेच लढवून तो सूरजला छळायचा. फुटकळ सोंगटी पुढे ढकलायची, सूरजची गोळी तिच्यावर खर्ची पडली की मागून निवांत चालत जायचं. सूरज दरवेळी फसायचा. मागच्या रविवारी मात्र त्याने डोकं खाजवत विचारलं, "दोन गोळ्या असल्या अन् एक राखून ठेवली, तर चालंल का?"

"बिलकुल चालंल! आता शिकलास गड्या." हरिओमला मनापासून आनंद झाला.

आज हरिओमच्या उसाला तोड लागली होती. माल अंकुशनगरच्या साखर कारखान्याला जायचा होता. फड जसा कमी होतो तशी आतली रानडुकरं उरल्या उसात दाटतात आणि शेवटी बाहेर धूम ठोकतात; गेल्या साली त्यांनी एका तोडवाल्याची मांडी फाडली होती. म्हणून सूरज वडिलांची परवान्याची दुनळी बंदूक घेऊन बांधावर उभा होता.

ठिबकचा कॉक उघडा राहिल्याचं ध्यानात आलं, तसा हरिओम पलीकडच्या बाजूने उसात शिरला. कुणाला सांगून जावं, एवढी साधी अक्कल त्याला सुचली नाही. चिखलात दोनदा घसरून, काळाकुट्ट होऊन त्याने कॉक बंद केला, तोच मागे डबे बडवायला सुरुवात झाली. तोडवाले डुकरं हाकत होते.

"अरे, मी हाय आत! थांबा!"

डब्यांच्या आणि ट्रॅक्टरवरच्या गाण्याच्या गोंगाटात त्याचं ओरडणं त्यालाच ऐकू येईना. मागचा ऊस हलू लागला. थांबावं तर सुळे, पुढे जावं तर सूरज.

मग त्याला आपला डावपेच आठवला. तो दबा धरून बसला. एक डुक्कर त्याला घासून पुढे गेलं, उघड्यावर निघालं. बार झाला. डुक्कर केकाटलं.

गोळी खर्ची पडली! जीव मुठीत धरून हरिओम उठला आणि वाकून, हातांनी पाचट बाजूला सारत उसाबाहेर आला.

सूरजचा गाल अजून बंदुकीला टेकलेलाच होता. कोण आहे ते बघण्यात त्याने या वेळी डाव रेंगाळू दिला नाही.