थोरलीची पिवळी कार्डे

मोजपट्टी गुडघ्यांवर रांगत फरशीवरची पिवळी कार्डे उचलत होती. भिंतीपासून दारापर्यंत खोलीभर कार्डांच्या रांगा लागल्या होत्या. एका कार्डावर एक प्रसंग, एका रांगेत एक प्रकरण. अख्खी कादंबरी अशी जमिनीवर मांडायची आणि तिच्यातून अनवाणी हिंडायचे, ही मावशींची पद्धत. चपला घालून कुणी आत आले, मग तो प्रकाशक का असेना, की मावशींची भुवई नुसती वर जायची आणि तो माणूस आल्या पावली मागे फिरायचा.

मावशी तशा कुणाच्याच मावशी नव्हत्या. छापायच्या आधीच्या कादंबऱ्या वाचायच्या, त्यांची हाडे चाचपायची आणि कुठे काय लंगडते आहे ते लेखकाला सांगायचे, हा त्यांचा धंदा. शुद्धलेखनाला त्या हात लावत नसत. ती शेवटची इस्त्री, आपण कापड बेततो, असे म्हणायच्या. मोजपट्टी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली आली, ती आल्या आल्या एका प्रेमकथेतल्या ताणाचा आलेख काढून बसली. मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हे नाव तिला त्याच दिवशी चिकटले.

ही कादंबरी मात्र मोजपट्टीची स्वतःची होती. अहवाल तिचा, लेखकाशी बोलणेही तिचे. लेखक दातांचे डॉक्टर होते आणि कितीतरी वर्षे रोज दवाखाना उघडण्याआधी लिहीत आले होते. पहिल्या भेटीत ते म्हणाले होते, मी रोग्याला स्पष्ट सांगतो, तुम्हीही मला सांगा. जगणार नसेल तर बासनात बांधून ठेवतो आणि पुन्हा लिहायला बसत नाही. म्हणताना ते हसत होते, पण त्यांचा एक अंगठा दुसऱ्या तळव्यावर सारखा घासला जात होता. तो अंगठा मोजपट्टीच्या लक्षात राहिला होता.

कादंबरी एका पूल बांधणाऱ्या माणसाची होती. अहवालात तिने दोन मोठ्या तक्रारी लिहिल्या होत्या. पहिली अशी की, नायकाचे निर्णय आभाळातून पडतात. ठरलेले लग्न तो मोडतो, कच्च्या खांबाच्या कागदावर सही नाकारतो, शेवटी सगळे सोडून घरी परततो. का, ते कुठेच नाही. दुसरी अशी की, त्याची थोरली बहीण म्हणजे नुसती अडगळ आहे. येते, काहीतरी हातात देते, जाते. छत्री, किल्ली, धुतलेला सदरा. हे पात्र काढून टाकावे.

फोनवर हे ऐकताच डॉक्टर म्हणाले होते, "हलतोच आहे तो दात. काढा." मोजपट्टीचा जीव भांड्यात पडला होता. लेखक इतक्या सहजी ऐकतात कुठे! थोरलीशिवायची कादंबरी कशी दिसते ते पाहायला ते आज यायचे होते.

थोरलीचे शेवटचे पिवळे कार्ड उचलून ती उभी राहिली.

"झाली साफसफाई?" खिडकीपाशी चहा घेत बसलेल्या मावशींनी विचारले.

"झाली. आणि बघा, काही म्हणजे काही बिघडलं नाही."

"मग आता चालत वाच. मोठ्यानं."

ती पहिल्या रांगेपासून वाचत निघाली. वाक्ये ठणठणीत होती, प्रसंगामागून प्रसंग बिनबोभाट येत होता. तिसऱ्या रांगेत लग्न मोडल्याचे कार्ड आले आणि तिचा पाय अडखळला. कार्डाच्या अलीकडे उघडी फरशी होती. थोरलीचे कार्ड उचलल्यावर पडलेली. ती पुढे गेली. सही नाकारल्याच्या कार्डाअलीकडेही उघडी फरशी. मग ती वाचायची थांबली आणि फरशीच पाहू लागली. मोठा निर्णय जिथे जिथे होता, त्याच्या अगदी अलीकडे एक भोक होते. दुसरीकडे कुठेच नव्हते.

तिने हातातल्या गठ्ठ्यातून सहीच्या आधीचे कार्ड शोधून काढले. नायक नदीच्या पलीकडे, कंत्राटदाराबरोबर. पाऊस येईलसे दिसते, म्हणून थोरली त्याला छत्री आणून देते. एवढेच. हे कार्ड तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. आता तिने हस्तलिखितातले ते पान उघडले. थोरली नदीपलीकडे पोचली कशी? त्याच कच्च्या खांबांवरच्या अर्धवट पुलावरून चालत. एका ओळीत, जाता जाता सांगितल्यासारखे. तिच्या चपलांचा आवाज नायकाला आधी ऐकू येतो, मग ती दिसते. पुढच्या पानावर तो सही करत नाही.

मोजपट्टीने लग्नाचे कार्ड काढले. होणारे सासरे नव्या घराच्या खोल्या वाटून देत असतात, ही याची, ही त्याची. थोरली दाराशी येऊन जुन्या घराची किल्ली भावाच्या हातात ठेवते आणि जाते. तिच्या नावाची खोली कुणी काढलेली नसते.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "या दोन तक्रारी नाहीत."

"मग?"

"एकच आहे. मी ती दोनदा लिहिलीय."

मावशी कप खाली ठेवून आल्या आणि रांगांमधून चालू लागल्या. चालता चालता त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला, थंडी वाजल्यासारखा.

"तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"छे गं. ती थोरली खटकत होती मला, एवढंच. का खटकते ते आत्ता कळतंय."

कॉलेजात मोजपट्टीने जोडताऱ्यांची गणिते सोडवली होती. एक तारा दिसतो, दुसरा दिसत नाही. पण दिसणारा जागच्या जागी किंचित डुलत असतो आणि त्या डुलण्यावरून न दिसणाऱ्याचे वजन काढता येते. गणित सोपे होते, तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. तेव्हा अंगावर काटा आला नव्हता. आज आला. कुणीतरी वर्षानुवर्षे सकाळी उठून, पुलाविषयी लिहितो आहोत असे समजून, हे लिहीत आले होते.

"त्यांना ठाऊक असेल?"

"ठाऊक असतं तर 'काढा' म्हणाले असते?"

मोजपट्टीने कार्डे एकेक करून जागेवर ठेवली. ठेवताना पुन्हा वाचली आणि शेवटचे कार्ड हातात घेऊन बराच वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. मावशींचा आणखी एक नियम असा, की समोरासमोर लेखकाला एकच प्रश्न विचारायचा, बाकीचे पत्रात. तिचा प्रश्न तिला सापडला होता.

डॉक्टर आले ते बूट काढतच. आत पाऊल टाकून त्यांनी खाली पाहिले.

"हे काय, दात अजून तोंडातच? मला वाटलं, एव्हाना कापूस लावून मोकळ्या झाल्या असाल."

मावशींनी त्यांना खुर्ची दिली. ते बसतात न बसतात तोच दारातून आवाज आला.

"चष्मा गाडीतच विसरला होतास."

पिकल्या केसांच्या एक बाई उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. डॉक्टरांनी मागे न बघताच हात लांब केला, डबी घेतली. ही आमची ताई, त्यांनी ओळख करून दिली, दवाखान्यात रोग्यांच्या वेळा हीच सांभाळते. मावशी म्हणाल्या, आत या, बसा. नको नको, तुमचं चालू द्या, मी इथे बरी आहे, असे म्हणत ताई चार पावले मागे सरकल्या. बाहेर भिंतीला लागून बाकडे होते. त्या बाकड्याच्या शेजारी, पिशवी घेऊन, उभ्या राहिल्या.

मोजपट्टीने घोकून ठेवलेली प्रस्तावना कुठल्या कुठे गेली. अहवालाची फाइल तिने मिटली.

"डॉक्टर, एकच विचारायचं होतं. तुमच्या कादंबरीत थोरली एवढ्या वेळा येते, पण एकदाही खाली बसत नाही. का?"

डॉक्टर हसले. काहीतरी खुसखुशीत बोलायला त्यांनी तोंड उघडले.

"त्यात काय, तिला सारखं काहीतरी..." ते म्हणाले आणि थांबले. "नाही, एकदा बसते. त्या... नाही. तिथेही नाही."

ते वाकून कार्डे पाहू लागले. एक पिवळे, मग दुसरे, मग त्याच्यापुढचे. अंगठा तळव्यावर घासला जात होता, तो एका कार्डापाशी थांबला. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच वळून दाराबाहेर पाहिले.

मग ते उठले. आपली खुर्ची उचलून कार्डांवर पाय पडू न देता दारापर्यंत गेले, बाहेर टेकवली.

"ताई, बस."

"अरे, मला कशाला? मी आपली..."

"बस गं. वेळ लागणार आहे मला."

ताईंनी खुर्चीकडे पाहिले, मग भावाकडे. अगदी कडेला टेकून त्या बसल्या, केव्हाही उठावे लागेल अशा. पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. डॉक्टरांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि तशीच हातात धरून ते उंबऱ्यात उभे राहिले.

"एखादं कोरं कार्ड असेल का?" त्यांनी विचारले.

मोजपट्टीने कोऱ्या पिवळ्या कार्डांचा गठ्ठा पुढे केला.