नासपतीची एकच फांदी

देवळाली कॅम्पात सुलाबाईच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. नासपतीचं झाड यंदा फुललंच नव्हतं. कुंपणाकडची एकच फांदी पांढरीशुभ्र, आणि तिच्यावर लाल धागा. मल्हारीमहाराजांनी पौषात बांधलेला.

"कोंडाजीचा आत्मा झाडात अडकलाय!" महाराज गरजले. "बायकोच्या पापानं बहर रोखला. एक फांदी आम्ही सोडवली. सगळं झाड फुलेस्तोवर बाईच्या पोटात अन्न जाता कामा नये!"

"जय हो!"

सुलाबाई ओट्यावर भिंतीला टेकून होती, नुसत्या पाण्यावर. दिवाळीत नवरा कोंडाजी गेला, त्याच्या मरणाचं पापही तिनं आपल्याच पदरात घेतलं होतं. नाशकाच्या शाळेत विज्ञान शिकवणारी तिची लेक चतुरा तेवढ्यात बसमधून उतरून आली. आईचे सुकलेले ओठ तिनं पाहिले आणि ती थेट झाडाखाली गेली.

"महाराज, आता धागा त्या दुसऱ्या फांदीला बांधा."

"पोरी, देवाची परीक्षा बघतेस?"

"देवाची नाही, तुमची."

कुणीतरी फिसकन हसलं.

"भागीमावशी, धागा बांधण्याआधी यांनी काय केलं?"

शेजारची भागीबाई आठवून म्हणाली, "डोळं मिटून समद्या फांद्या चाचपल्या. कंप लागतो म्हणं."

चतुरानं फुललेल्या फांदीवरची मिटलेली टपोरी कळी खुडली, दुसऱ्या फांदीवरचा बारीक कोंब खुडला. पिशवीतल्या ब्लेडनं दोन्ही चिरले. एकात इवली फुलं. दुसऱ्यात नुसती पानं.

"हा फरक पौषातच बोटांना लागतो. हाच यांचा कंप!"

"मंग बाकी झाड का नाय फुललं?"

"मावशी, गेल्या साली फळं किती होती?"

"लय! पोरं बिया थुकून दमली."

"त्याच बिया. फळात बी वाढताना तिच्यातून एक द्रव्य फांदीत उतरतं, ते पुढच्या वर्षीची फुलकळी धरू देत नाही. ही फांदी ओझ्यानं मोडेल म्हणून माझ्या वडिलांनी, दादांनी, हिची फळं बोराएवढी असतानाच खुडली होती. बिया वाढल्याच नाहीत, म्हणून ही फुलली." तिनं फुललेल्या फांदीवर हात ठेवला. "हा बहर धाग्याचा नाही. दादांच्या हातचा आहे."

"नास्तिक! कोप होईल!" म्हणत महाराज चपला शोधू लागले.

"मग माझं पाप?" सुलाबाईनं क्षीण आवाजात विचारलं.

"नव्हतंच, आई. यंदा हे झाड फुलणारच नव्हतं. पुढच्या वर्षी आपसूक फुललं असतं, आणि यांनी तुझ्या हार घातलेल्या फोटोखाली बसून दक्षिणा घेतली असती."

भागीबाईनं घरून पेज आणली. सुलाबाईनं वाटीला तोंड लावलं. गर्दी अजून तशीच उभी. चतुरा वळली.

"बाई डोळ्यांदेखत उपाशी मरत होती, आणि तुम्ही फुलं बघत होतात! झाड का फुलत नाही ते कळी चिरून बघा, कुणाला तरी विचारा. माणूस वाळवून झाड फुलत नसतं."