टाचेमागचं नाक

"हलायचं नाही," पार्लरवाली म्हणाली आणि तिनं ड्रायरचं तोंड फिरकीच्या पोटाकडे वळवलं.

दुपारी पार्लर बंद असायचं. ओढलेल्या पडद्यातून ऊन गाळून आत येत होतं आणि त्यात फिरकीचे तांबूस केस असे तरंगत होते, जशी काही अख्खी खोली पाण्याखाली गेलीय. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर फळी टाकून फिरकीला तिच्यावर उभं केलं होतं. वीतभर पाय, हे एवढाले कान. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची जात. मेंढी मात्र तिनं जन्मात पाहिली नव्हती.

पार्लरवालीनं पंज्याभोवतीचे केस कात्रीनं गोल कापले. समोरच्या आरशात दुसरी फिरकी, मागच्या आरशात तिसरी, आत आत नुसती रांग. एकही हलत नव्हती.

स्टुलावर मास्तर बसले होते. शोसाठी कुत्री तयार करून देणं हा त्यांचा धंदा, आणि कुणाचं कौतुक करायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं. ते उठले, जजसारखे हात मागे बांधून आले, फिरकीचा ओठ उचलून दात बघितले. मग मुद्दाम तिच्या नाकासमोरून टाचा आपटत गेले.

फिरकीचे कान थरथरले. बस, तेवढंच.

"सुटली सवय," मास्तर म्हणाले. "उद्या पहिल्या नंबरची फीत तुमचीच."

"नक्की ना? गेल्या वेळसारखं हसं नको व्हायला."

गेल्या वेळी शोच्या रिंगमध्ये गोल पळायचं होतं. फिरकीनं पळता पळता एकेकाच्या टाचेला नाक लावलं आणि सगळी कुत्री, त्यांचे मालक आणि एक जाडजूड जज असा सगळा गोतावळा कोपऱ्यात नेऊन उभा केला. लोक पोट धरधरून हसले. पार्लरवालीचा राग तर कायम नाकावर. दिवसभर दुसऱ्यांना सजवायचं आणि दारापर्यंत पोचवायचं. एकदा, फक्त एकदा, टाळ्या तिच्यासाठी वाजायला हव्या होत्या.

म्हणून मग शिकवणी. टाचेकडे गेली की "नाही". गप उभी राहिली की खिशातला कलेजीचा तुकडा. फिरकी आधी रुसली, मग शिकली.

"पण घरी सूट द्यायची नाही हं," मास्तर जाता जाता म्हणाले. "एकदा दिलीत की सगळं मुसळ केरात."

घरी एकच सूट उरली होती, अप्पांची. ती पार्लरवालीनं आज सकाळीच बंद केली होती.

पार्लरच्या मागेच घर. संध्याकाळी तिनं दोन ताटं वाढली आणि हाक मारली, "अप्पा, जेवायला!"

"येतो."

अप्पा म्हणजे तिचे वडील. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आई गेल्यापासून मागच्या खोलीत बसून असायचे, आणि "येतो" म्हणून कधीच यायचे नाहीत. मग रोज फिरकी जायची. टाचेला नाक लावून लावून त्यांना बोळातून ताटापर्यंत आणायची. "मी काय मेंढरू आहे?" असं रोज कुरकुरत ते यायचे, आणि चार घास जास्तच खायचे.

आज फिरकी पायपुसण्यावर उभी होती. चारही पाय सरळ, मान वर. नजर पार्लरवालीच्या खिशाकडे.

आमटीवर पापुद्रा धरला. पार्लरवाली बोळात गेली. अप्पा उंबऱ्यात उभे होते, एक हात चौकटीवर. खाली, स्वतःच्या टाचांकडे बघत.

"काय झालं?"

"काही नाही गं. आज न्यायला कुणी आलं नाही."

"भूक नाही का?"

"असेल," ते म्हणाले. दुसऱ्याच कुणाची तरी चौकशी चालल्यासारखं.

"फिरकी, जा!"

फिरकी हलली नाही.

"जा ना गं, ए शहाणे!"

कान थरथरले. बस, तेवढंच. इतकी देखणी ती कधीच दिसली नव्हती.

मग पार्लरवालीनं चपला काढल्या, अप्पांच्या मागे गेली आणि पायाच्या अंगठ्यानं त्यांच्या टाचेला हळूच टोचलं.

अप्पांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मी काय मेंढरू आहे?" ते म्हणाले, आणि त्यांनी पाऊल उचललं.

ती पुन्हा टोचत राहिली, ते पुढे सरकत राहिले. बोळात अंधार होता, टोकाला स्वयंपाकघराचा पिवळा चौकोन. तो जवळ येतोय की लांब जातोय, कळत नव्हतं. बोळाच्या मध्यावर तिच्याच टाचेला काहीतरी गार, ओलं लागलं.

ती थबकली. "नाही" अगदी ओठांवर आलं होतं. हात खिशावर गेला.

पुन्हा लागलं. या वेळी जरा जोरात.

"येतेय," पार्लरवाली म्हणाली, "येतेय गं बाई."