वीस फुटांवर

बाबांनी चमच्याने पेल्यावर दोनदा टणटण वाजवलं आणि म्हणाले, "उठव नजर."

तिने उठवली नाही. पडद्यावर शब्दकोशाचं तीनशे बारावं पान होतं आणि एका ओळीच्या डोक्यावर एक ठिपका होता. तो अनुस्वार की काचेवरची धूळ, हे ठरल्याशिवाय तिला हलता येत नव्हतं. शेवटी तिने बोटाने पुसून पाहिलं. ठिपका गेला.

"धूळ होती," ती म्हणाली.

"धुळीचंसुद्धा शुद्धलेखन तपासतेस? वर बघ आधी."

तिने हसत खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. गल्लीपलीकडे चारमजली इमारत होती, तिच्यावर गच्ची, गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या.

"सांग," बाबा म्हणाले.

"काय सांगू? गच्ची आहे."

"गच्ची कालही होती. आज काय आहे?"

"दोन चादरी. एक निळी, एक पट्ट्यांची. छत्रीवाली बाई कुंड्यांना पाणी घालतेय. छत्री खांद्यावर, झारी हातात."

"ऊन बाईला, पाणी झाडाला. वाटणी बरोबर आहे," बाबा म्हणाले. "झाले वीस सेकंद. लाग कामाला."

हे वीस सेकंद डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेले होते. महिन्याभरापूर्वी कोशाची मुद्रितं तपासता तपासता दुपार झाली, की तिच्या भुवयांमागे कुणीतरी खिळा ठोकायला बसे. संध्याकाळपर्यंत तो मानेतून आरपार जाई. ओळी एकीच्या दोन होत. डॉक्टरीणबाईंनी दिवा पाडून डोळे पाहिले, आणि म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत हो. तुम्ही त्यांना कोंडून ठेवलंय." पडदा हातभर लांब ठेवा, त्याचा उजेड खोलीच्या उजेडाइतकाच करा, अक्षर मोठं करा, खिडकीची तिरीप त्यावर पडू देऊ नका. हे थेंब घाला. पापण्या मिटायला तुम्ही विसरता, त्या मिटा. आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघा.

बाबा सोबत गेले होते, बाकावर बसून होते. निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आजोबा, आलाच आहात तर तुमचेही पाहू का?"

"घड्याळजीचे डोळे आहेत," बाबा म्हणाले होते. "त्यांना काय धाड भरलीय?"

घरी आल्यावर त्यांनी वेळेचं खातं स्वतःकडे घेतलं. मोबाइलचा गजर लावू म्हटलं तर रागावले. "चाळीस वर्षं गावाची घड्याळं लावली, आता माझ्या घरात वेळ मोबाइल सांगणार?" खोली लांबलचक होती, आगगाडीच्या डब्यासारखी. एका टोकाला खिडकीशी तिचं टेबल, दुसऱ्या टोकाला दाराशी त्यांचं जुनं कामाचं बाक. दुकान बंद केलं तेव्हा एवढं बाकच काय ते घरी आलं होतं. त्यावर पेला आणि चमचा ठेवून, मनगटावरचं घड्याळ सोडून तळहातावर घेऊन ते सकाळपासून बसत.

आणि नुसतं बघणं त्यांना चालत नसे. "नुसती नजर टाकली की मन पानावरच राहतं. सांगायला लागलं की डोळ्यांना खरंच जावं लागतं." मग कधी छत्रीवालीच्या कुंडीत लाल फूल आलं, कधी दोरीवर एकाच पायातले तीन मोजे दिसले, कधी कावळ्याने कपड्याचा चिमटा पळवला. तिने सांगावं, बाबांनी हुंकार भरावा. सांगून झालं की कधी कधी ते आईची ओळ गुणगुणत. आईच्या तोंडी अशा ओळी असायच्या, कुठल्या पोथीतल्या नव्हेत, हातातल्या कामातून निघालेल्या. सुईत दोरा ओवताना ती म्हणायची:

लांब धाडली नजर, तिला वाटेत सावली,
जवळचं बघायाला पुन्हा माघारी धावली.

पंधरा दिवसांत खिळा बोथट झाला. तिसऱ्या आठवड्यात एक सबंध दुपार डोकं दुखलं नाही, आणि हे तिच्या लक्षात आलं ते रात्रीची भांडी विसळताना.

रविवारी दादाचा फोन आला.

"आवाज बरा वाटतोय तुझा. डोकं?"

"कसलं डोकं? मस्त आहे मी."

"बाबा? खरं सांग हं. तुला झेपत नसेल तर मी घेऊन जातो त्यांना. एकदा ठरवलं की प्रश्न मिटला."

"बाबा ठणठणीत आहेत," ती म्हणाली आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी लांबूनच मान हलवली. दादाकडे ते एकदा आठ दिवस राहून आले होते. चौदावा मजला. "खिडक्या आहेत, पण उघडत नाहीत," एवढंच सांगितलं होतं, आणि पुढे महिनाभर घरातली प्रत्येक खिडकी स्वतः उघडत होते.

फोन ठेवून ती त्यांना पाणी द्यायला गेली तेव्हा तळहातावरच्या घड्याळाला काच दिसली नाही.

"काच कुठे गेली?"

"चरा पडला होता. नवी बसवायचीय." त्यांनी मूठ मिटली.

सोमवारी समोरच्या इमारतीला रंग द्यायचं काम निघालं. सकाळी बांबू आले आणि दुपारपर्यंत तळापासून गच्चीपर्यंत हिरवी जाळी चढली. छत्रीवाली गेली, चादरी गेल्या, कावळा तेवढा जाळीवर चोच मारून चौकशी करून गेला.

ती तीनशे नव्वदाव्या पानावर होती. टणटण झाली.

तिने वर पाहिलं. खिडकीभर हिरवं. जाळी बांबूंवरून गल्लीत पुढे आलेली, हात लांबवला तर लागेल असं वाटणारी. तिथे नजर जाऊन कुठे बसणार? वीस फूट हवेत तर घरातलेच शोधायला हवेत. तिने खुर्ची सबंध वळवली.

खोलीच्या त्या टोकाला बाबा बसले होते.

एवढ्या दिवसांत ती त्यांना जवळून पाहत आली होती. पाणी देताना हात दिसे, औषध देताना तळवा. अख्खा माणूस दिसायला वीस फूट लागतात, हे तिला ठाऊक नव्हतं. ते नेहमीसारखे एक डोळा मिटून बसले होते. ते तिला नवं नव्हतं. लहानपणापासून तिने त्यांना असंच पाहिलं होतं, उजव्या डोळ्यावर भिंग आणि डावा मिटलेला. पुढे भिंग नसतानाही तो डावा मिटून राही. शाळेत तिने बाबांचं चित्र काढलं तेही एकाच डोळ्याचं.

आज मिटलेला डोळा उजवा होता.

डावा उघडा होता, पण तो घड्याळाकडे पाहत नव्हता, कशाकडेच पाहत नव्हता. घड्याळ तळहातावर होतं आणि बिनकाचेच्या तबकडीवरून अंगठा फिरत होता. फुलपाखराच्या पंखावरून फिरवावा इतका हलका. आधी मोठा काटा, मग लहान. काटा तसूभरही सरकत नव्हता. असा अंगठा फक्त घड्याळजीचाच असू शकतो.

"सांग की," बाबा म्हणाले. "काय दिसतंय?"

जाळीचं सांगायला तिने तोंड उघडलं.

"एक माणूस दिसतोय," ती म्हणाली.

"गच्चीवर?"

"जरा अलीकडे. एक डोळा मिटून बसलाय."

अंगठा काट्यावरच थांबला.

"बारीक काम असेल त्याचं," बाबा म्हणाले.

"असेल. पण मिटायचा डोळा बदललाय त्याने."

त्यांनी घड्याळ पालथं करून बाकावर ठेवलं. "मलाही उशिराच कळलं गं. एका डोळ्यावर जगायची सवय. भिंगाचा उजवा हळूहळू कधी मावळला, पत्ता लागला नाही. आणि आता हा डावाही... धुक्यातून आल्यासारखं दिसतं." थांबून म्हणाले, "वीस सेकंद केव्हाच झाले. लाग कामाला."

"होऊ देत."

"दादाला सांगू नकोस."

"माझं डोकं दुखायचं ते तुम्हीच सांगितलंत ना त्याला?"

बाबा हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय," ती म्हणाली. "मला बोलावलंय पुन्हा. तुम्हीही यायचं. बाकावर नाही, आत."

"आणि त्यांनी काही भलतंच सांगितलं तर?"

"तर रोज किती फुटांवर काय बघायचं, ते विचारून घेऊ. सांगायला मी आहे."

तिने खुर्ची पडद्याकडे वळवली. पान तिथेच होतं. ओळी जागच्या जागी, एकीची एकच. ती वाचत गेली, पण कान मागे होता. चमचा वाजेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

वाजला. तिने पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. बरोबर वीस मिनिटं. ती पुन्हा वळली, खिडकीकडे नव्हे.

"सांग," बाबा म्हणाले.

"पांढरा शर्ट. बाही दुमडलेली. केस एका बाजूने विंचरायचे राहिलेत." ती थांबली. "आणि गुंड्या एक काज सोडून लागल्यात. डावी बाजू वर, उजवी खाली."

"कधीपासून?"

"सकाळपासून असतील. मी आत्ता बघतेय."

बाबांची बोटं गळ्याशी गेली. चाचपत, एकेक गुंडी सोडवत खालपर्यंत आली, मग दोन्ही कडा जुळवून, खालच्या गुंडीपासून पुन्हा वर निघाली. सावकाश, एखादं जुनं घड्याळ परत जोडत असल्यासारखी. ती पाहत राहिली. पापणी मिटायची आठवण तिला बऱ्याच वेळाने झाली, आणि मिटली तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या थेंबांची गरज उरलेली नव्हती.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"वरची एक राहिली."