डावी जवनिका

परीक्षा संपल्या की शिक्षकांच्या खोलीत कुणी शहाणं उरत नाही. गणिताच्या सरांनी परवा बसच्या कंडक्टरला विचारलं, "उत्तर बरोबर आहे, पण पायऱ्या कुठे आहेत?" भूगोलाच्या बाई झोपेत उशीवर बरोबरच्या खुणा करतात, असं त्यांची सूनच सांगत होती. विज्ञानाच्या बाईंची गत मात्र निराळी होती. त्यांना उत्तरपत्रिकांतून सासूबाई भेटायच्या.

हृदयाचे चार कप्पे शिकवताना त्या वर्गात म्हणाल्या होत्या, की डावी जवनिका म्हणजे आमच्या सासूबाई. भिंत सगळ्यात जाड आणि सगळा गाडा त्याच ओढतात. वर्ग खो खो हसला होता. पुढे हिवाळ्यात सासूबाई गेल्या, आणि आता वर्ग तेच वाक्य परत करत होता, तेही वर्तमानकाळात. निळ्या शाईत सासूबाई, काळ्या शाईत सासूबाई. एकाने तर आकृतीत बाण काढून तसं नाव दिलं होतं. पानागणिक बाईंना स्वयंपाकघरात सासूबाईंच्या सपाता घासल्याचा आवाज यायचा. वळून बघायचं नाही असं ठरवूनही त्या वळायच्या.

नवरा बँकेत रोखपाल, त्यामुळे गुणांच्या बेरजा दर वर्षी तोच तपासायचा. पण आई गेल्यापासून त्याने तिचं नाव काढलं नव्हतं. विषय निघाला की तो उठून गॅलरीत जायचा. अशा माणसाच्या हाती हा गठ्ठा कसा द्यायचा? बाईंनी बेरजा स्वतःच उरकल्या. मुख्याध्यापकांनी गठ्ठा परत पाठवला. एका मुलीला चाळीसपैकी त्रेचाळीस मिळाले होते.

"आण इकडे," नवरा म्हणाला, आणि बाई काही बोलायच्या आत चष्मा लावून बसलाही.

तो नुसते आकडे बघेल, अशी बाईंची आशा होती. तिसऱ्या पत्रिकेवर त्याची पेन्सिल थांबली. मग त्याने पहिल्या दोन पुन्हा उघडल्या. आता हा उठणार, या धास्तीने बाई गॅलरीच्या दाराकडे बघत राहिल्या. आत सपाता घासल्या. नवऱ्यानेही मान वळवली, की बाईंनाच तसं वाटलं, कोण जाणे.

पण तो उठला नाही, पानं उलटत राहिला. शेवटी त्याने एक पत्रिका पुढे सरकवली. त्या मुलाने सासूबाईंना वरच्या मजल्यावर, डाव्या कर्णिकेत बसवलं होतं: भिंत पातळ, काम हलकं, आलेलं रक्त बसल्या जागी गोळा करतात. कर्णिकेची माहिती बिनचूक होती, म्हणून बाईंनी पूर्ण गुण दिले होते.

"हे बरोबर?" त्याने पेन्सिल त्या ओळीवर टेकवली. "आई कधी बसून होती का गं? तापातसुद्धा पडदे धुवायला काढायची ती. काप याचे गुण."

बाईंनी अर्धा गुण कापला. मुलाला तो उद्या शाळेत परत देता येणार होता.

"पुढची दे," नवरा डोळे पुसत म्हणाला. "बघू, त्यात आईला कुठे बसवलंय."