तिसरा नमुना

सूड घ्यायचा तर माणसानं तलवार घ्यावी, विष कालवावं, गेला बाजार कोर्टात तरी खेचावं. लॅबवाल्या बाईंच्या वाट्याला आली शौचाची डबी. देव द्यायला बसला की असलंच काहीतरी हातावर ठेवतो.

दवाखान्यात एक अभ्यास चालला होता. व्यायामानं आतड्यातल्या जिवाणूंमध्ये काय फरक पडतो, आणि तो जाड्या-बारक्यांत सारखाच पडतो का, हे पाहायचं होतं. अंगानं भरलेल्यांचा एक गट, सडपातळांचा दुसरा. दोघांनी काही आठवडे दवाखान्यातल्या सायकलवर सारखाच व्यायाम करायचा, मग तितकेच आठवडे स्वस्थ बसायचं, आणि ठरल्या वेळी आपापला नमुना डबीत घालून आणायचा. डब्या उघडायचं काम बाईंचं. त्यांना त्याची किळस नव्हती. माणूस बढाया मारतो, त्याचं पोट मारत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

एके दिवशी खिडकीतून डबी आत आली आणि तिच्यामागोमाग एक आवाज आला, "जरा लवकर उरका हो, मला धावायला जायचंय."

बाईंनी वर पाहिलं. केस पिकले होते, पण गळ्यात शिट्टी असल्यासारखी ताठ मान तीच. शाळेतले व्यायामाचे सर!

बाई तेव्हा शाळकरी पोर, अंगानं गोल आणि पळायची हौस दांडगी. सरांचा एकच मंत्र होता: घाम सारखा तर फळ सारखं. वर्षभर ती इतर मुलींइतकीच पळाली. बाकीच्या सडसडीत झाल्या, ही होती तशीच राहिली. मंत्र खोटा ठरवण्यापेक्षा पोरीला खोटं ठरवणं सोपं. सरांनी पोती तोलायचा काटा मैदानात आणवला, तिला त्यावर उभं केलं आणि आकडा ओरडून सांगितला. "पोतं आहे पोतं! घरी जाऊन चोरून खात असणार!" सगळं मैदान खिदळलं.

मैदानाचं एक वेळ सोडा. पण सर संध्याकाळी घरी आले आणि तेच आईला ऐकवून गेले. आईनं सरांवर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवसापासून फडताळाला कुलूप लागलं आणि किल्ली आईच्या कमरेला गेली. भूक लागली की किल्ली मागायची, आणि आईनं आधी आपल्या तोंडाकडे संशयानं बघायचं. पुढे आई गेली, पण ती नजर काही गेली नाही. बाईंनी सरांवर नागिणीसारखा डूख धरला होता.

सरांनी मात्र त्यांना ओळखलंसुद्धा नाही.

व्यायामाचे आठवडे संपले तेव्हा सरांच्या नमुन्यात रक्ताचा अंश सापडला, डोळ्यांना न दिसणारा. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे सायकल सोडून वर मैलोन्‌मैल धावतातही. इतका जोर करणाऱ्यांच्या आतड्यातून कधीकधी रक्त झिरपतं. विश्रांतीनंतर पाहू. तेव्हा साफ आलं तर काळजी नाही."

मग त्यांनी सगळ्यांना बोलावून आतापर्यंतचा निष्कर्ष सांगितला. बारक्यांच्या पोटात उपयोगी जिवाणू चांगले वाढले होते, जाड्यांच्या पोटात त्या मानानं कमी. बाई मागे भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"मी म्हणतच होतो," सर पहिल्या रांगेतून बोलले. "यांची नियतच खोटी. सायकलवर बसून गप्पा मारल्या असतील."

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रत्येकाची मेहनत यंत्रानं मोजली आहे. घाम दोघांनी सारखाच गाळला. शरीरं वेगळी, म्हणून फळ वेगळं."

आता तरी हा माणूस खाली बघेल, असं बाईंना वाटलं. सर शेजाऱ्याला म्हणाले, "यंत्रांचं काय खरंय!" आणि मोठ्यानं हसले. पालथ्या घड्यावर पाणी! त्या क्षणी बाईंनी ठरवलं, याचं उट्टं काढायचं.

विश्रांती संपली, सरांची डबी आली. बाईंनी तपासली, साफ. तसं डॉक्टरीणबाईंना कळवूनही टाकलं. मग सरांना बोलावलं आणि भरल्या बाकांसमोर खिडकीतून आवाज दिला, "सर, तुमची शी कमी पडली. पुन्हा आणा!"

बाकावरची एक म्हातारी पदराआड हसली. सर कानापर्यंत लाल झाले. बाईंना कित्येक वर्षांत इतकं गोड काही चाखल्याचं आठवेना.

दुसरी डबी आली. तीही साफ, आणि डबी काठोकाठ. बाईंनी पुन्हा बोलावलं. "सर, फार पातळ आहे. जमत नाही का तुम्हाला? प्रयत्न करा जरा!" आता तर सगळे बाक हसले. सर नाक मुठीत धरून निघून गेले.

तिसरी डबी आली. खरं तर ती न उघडताच फेकायची होती, पण हाताची सवय वाईट. बाईंनी पट्टी टाकली. पट्टीवर दुसरी रेघ उमटली. रक्त.

नमुना पास होईपर्यंत सरांना धावायची मनाई होती, धावणं तर केव्हाच बंद होतं. म्हणजे रक्त व्यायामाचं नव्हतं. आत काहीतरी होतं, कधी झिरपणारं, कधी गप्प बसणारं.

बाई स्टुलावर बसल्या. हा नमुना कोणी मागितलाच नव्हता. कागदोपत्री सर ठणठणीत होते. डबी कचऱ्यात गेली असती तर कोंबडंही आरवलं नसतं.

"मरू दे मेल्याला," बाई म्हणाल्या, आणि डबी कचऱ्याच्या पिशवीपर्यंत नेलीही.

पण मेला तर काय होणार? शाळेत फोटो लागणार, हार पडणार, शिस्तीचा माणूस गेला म्हणून चार लोक डोळे पुसणार. आपण एका पोरीचं काय केलं होतं ते त्याला कळणारही नाही. तसा तो सुटलेला बाईंना चालणार नव्हता. त्यांना दया आली नव्हती, तिळाएवढीही नाही. तो ऐकायला जिवंत हवा होता. बाई पट्टी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"तीन नमुने कशाला घेतले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खात्री करावी म्हटलं," बाई बिनदिक्कत खोटं बोलल्या.

आतड्यात गाठ निघाली. वाईट वळणावर होती, पण वेळेत सापडली आणि काढूनही टाकली.

हिंडूफिरू लागल्यावर सर फळांची टोपली घेऊन आले. बाकावरच्या लोकांना त्यांनी सगळं रामायण ऐकवलं. "या बाई काटेकोर, म्हणून मी आज उभा आहे!" बाईंनी त्यांना आत बोलावलं आणि दार लोटलं.

"सर, मी तुमची विद्यार्थिनी."

"अरे वा! म्हणजे ही शिस्त माझीच म्हणायची!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विश्रांतीनंतरचे तुमचे पहिले दोन्ही नमुने चांगले होते. चारचौघांत तुमची शोभा करायची म्हणून परत पाठवले." मग त्यांनी काटा सांगितला, पोतं सांगितलं, फडताळाचं कुलूप सांगितलं. सांगताना आवाज फाटला, तरी त्या थांबल्या नाहीत.

सर टोपली मांडीवर घेऊन बसले होते. "काटा... असेल. पुष्कळ पोरांना चढवलं मी त्यावर. तुमची आठवण नाही हो." त्यांनी टोपली खाली ठेवली. "चुकलं माझं. माफ करा."

"माफी नकोय मला. मी चोरून खात नव्हते. तेवढं म्हणा."

सर खाली बघत पुटपुटले, "तुम्ही चोरून खात नव्हता."

बाईंनी उठून दार सताड उघडलं. "असं नाही. तेव्हा ओरडला होतात तसं."

सर कसेबसे उभे राहिले. टाके ओढत होते, त्यांनी पोटावर हात धरला. "ही मुलगी चोरून खात नव्हती!" ते ओरडले. बाकावरची माणसं दचकून बघायला लागली. कोणाला काही कळलं नाही.

बाईंनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. आई कुठेच नव्हती.

"पुन्हा म्हणा," बाई म्हणाल्या.