खुर्चीखालची चिमणी

मुकादमाच्या मेहुण्याने राजीनामा दिला तो तीन ओळींचा, आणि त्यात कारण म्हणून एक अक्षर नव्हतं. खुर्च्यांच्या कारखान्यात सगळे त्याला पटाशी म्हणत, कारण चहा पितानाही त्याने हातातली पटाशी खाली ठेवलेली कुणी पाहिली नव्हती. असा माणूस जाणार म्हटल्यावर मॅनेजरचं धाबं दणाणलं. वर्षभरात कामगारांचा उत्साह मावळलाय, परत येणाऱ्या खुर्च्या वाढल्यात, पटाशीमागे आणखी चौघं जातील, असं सुनावून त्यांनी मुकादमाला शनिवारपर्यंत मुदत दिली. सोबत एक छापील कागद दिला. कामगारांना उत्साही ठेवण्याची जबाबदारी कोणाची, आणि पुढे रिकामी जागा.

त्या रिकाम्या जागेसाठी मुकादम दारोदार फिरला. कार्मिक विभागातल्या बाईंनी हे काम मॅनेजरचं असं सांगितलं आणि भिंतीला लावायला हसऱ्या सूर्याचं पोस्टर दिलं. मॅनेजर म्हणाले, ते बाईंचं खातं. मुकादमाचं स्वतःचं मत असं, की एवढे घोडे झालेत, त्यांना काय कडेवर घ्यायचं? पोस्टर लावून तो मोकळा झाला. दुपारपर्यंत सूर्याला मिशा फुटल्या होत्या.

घरी त्याने बायकोपुढे तिच्या भावाचं गाऱ्हाणं मांडलं. तिने स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून उलटं केलं. खाली पेन्सिलीने काढलेली चिमणी होती. भावाने लग्नात दिलेलं स्टूल. वीस वर्षांत त्याचा एक पाय हलला नव्हता.

"कारखान्यात अजून काढतो का हो तो ही?" तिने विचारलं.

मुकादमाने स्टूल सरळ केलं. पूर्वी जो तो आपण केलेल्या खुर्चीखाली आपली खूण काढायचा. कुणाचा मासा, कुणाची किल्ली. खुर्ची परत आली की खूण बघून ती त्याच माणसापुढे ठेवली जायची. तो मान खाली घालून दुरुस्त करायचा आणि बाकीचे त्याची यथेच्छ टिंगल करायचे. मग वर्षापूर्वी नियम आला आणि खुणा बंद झाल्या. आता परत आलेल्या खुर्च्या कोपऱ्यात एकीवर एक चढत होत्या आणि त्या कुणाच्याच नव्हत्या.

सकाळी तो मॅनेजरकडे गेला आणि तेवढा नियम मागे घ्या म्हणाला.

"कुठला नियम?" मॅनेजरनी विचारलं. "मी तर कधी खुर्ची उलटी करून बघितलेलीसुद्धा नाही."

आता मुकादमाला आठवलं. वर्षापूर्वी एक बडं गिऱ्हाईक पाहणीला येणार होतं, आणि कुणी पोरखेळ म्हणेल या भीतीने त्यानेच काचकागद घेऊन ओळीने सगळ्या खुणा घासून काढल्या होत्या. कामगारांनी विचारलं तेव्हा 'वरून आलंय' असं ठोकून दिलं होतं. गिऱ्हाईक आलं, खुर्चीवर बसून बघितलं आणि गेलं. थाप मात्र राहिली, आणि वर्षभरात ती त्याला स्वतःलाच खरी वाटू लागली होती. त्याला लाज वाटली, मनापासून वाटली.

तो तडक पटाशीच्या बाकाशी गेला. आजूबाजूला आठ जण होते. त्यांना बाहेर पाठवायचा मोह त्याने आवरला.

"वरून काही आलं नव्हतं," तो म्हणाला. "खुणा मीच पुसल्या. घाबरलो होतो."

रंधे थांबले. पटाशीने लाकडावर फुंकर मारली. "त्या दिवशी माझ्या अकरा खुर्च्या होत्या, मुकादम. तुम्ही घासत होतात आणि मी बघत होतो."

पूर्वी पटाशी त्याला कारखान्यातसुद्धा दाजी म्हणायचा. मुकादमाने त्याला राहण्यासाठी विनवलं. पटाशी म्हणाला, दुसरीकडे शब्द दिलाय, आता फिरवणार नाही. मुकादमाने कानामागची पेन्सिल काढून बाकावर ठेवली आणि तो निघून गेला.

संध्याकाळी त्याने तयार खुर्च्या एकेक करून उलट्या केल्या. मासा होता, किल्ली होती, शेवटच्या तिन्हींखाली चिमणी होती. त्याने खिशातला छापील कागद काढला आणि रिकाम्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं.

शनिवारी पटाशी हत्यारं गुंडाळून निघाला. त्याच्यामागे कुणी गेलं नाही. मुकादम फाटकापर्यंत पोचवायला गेला, तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "येतो, दाजी."